टॅप टेम्पो

शंभर अठरा.
दुपारीच ठरला आकडा, हितेंद्रचा नि माझा.
त्याच्या लॅपटॉपमधून ठोके निघतात,
केबलीतून माझ्याकडे येतात,
आणि एलईडीच्या भिंतीवर वर्तुळं उघडतात, मिटतात,
हजेरी दिल्यासारखी.

सारंगखेड्याची यात्रा, रात्रीचे दहा.
तापीकडून गार वारा, जनरेटरची घरघर.

मग उखाजी चढला, ढोल गळ्यात.
शंभर एकोणीस. एकवीस. परत सतरा.
वर्तुळं एकटीच नाचत राहिली,
वरात पुढे गेली तरी
चौकातच नाचणाऱ्या पोरासारखी.

केबल उपटली.
स्पेसबारवर बोट, नजर त्याच्या टिपरीवर.
टॅप, टॅप, टॅप,
तरी दर चौथ्या ठोक्याला मला उशीर.

ओरडलो, "अण्णा, जरा एका लयीत!"
माझ्याकडे न बघताच म्हणाला,
"मी त् घोडीना पाय देखस, भो."

खाली रिंगणात पांढरी घोडी,
पायात चाळ, पाठीवरून वाफ निघतेय.
तिनं उजवा खूर उचलला
आणि धरला तसाच, हवेत.

ढोल थांबला. हितेंद्र थांबला.
माझं बोटही.

खूर पडला तेव्हा
अख्खी भिंत पांढरी झाली.
बटण मी दाबलं होतं का,
आठवत नाही.