उसनी वीज

हॅनकॉकच्या चढावर दोन इमारती शेजारी शेजारी.
वरची डोळ्यांची नि हाडांची, शस्त्रक्रियांची.
खालची मूत्रपिंडांची, अकरा खुर्च्यांची.
मध्ये चौतीस पावलं. नोव्हेंबर ते एप्रिल
ती मोजता येत नाहीत, फक्त उकरता येतात.

वरच्यांनी जनरेटर घेतला, साडेतीनशे किलोवॉटचा,
कुंपणात गप्प उभा, महिन्यातून एकदा
चाचणीपुरता हंबरणारा.
खालच्या मार्सेला ट्रूडेल म्हणाल्या,
एक केबल टाका की आमच्याकडे,
निम्मी ताकदही लागत नाही तुम्हाला.
विरजण मागावं इतक्या सहज म्हणाल्या.

आर्विड पेल्कोनेन आले, इन्स्पेक्टर,
दारातच बुटांवरचा बर्फ झटकून.
मी त्यांच्यामागे, टेपचं दुसरं टोक धरणारा.
नियमांचं पुस्तक त्यांनी उघडलं नाही.
खिशातून सुताराची चपटी पेन्सिल काढली, कानामागे ठेवली
आणि सांगायला लागले,
जसं कुणी आपल्याच घराचा रस्ता सांगावं:

वीज गेली की दहा सेकंदांत
बाहेर पडायच्या वाटेवरचे दिवे, धोक्याच्या घंटा
जाग्या व्हायला हव्यात, दोन्हीकडे.
शेजारून आलेली वीज तुमच्याच भिंतीवर तोडता यायला हवी.
आगीच्या बंबावरचा माणूस धुरात, जाड हातमोज्यांत,
दुसऱ्याच्या आवारात बटण शोधत फिरणार नाही.
दोन्ही दारांवर पाटी लावा, दुसरी वीज कुठून येते त्याची.
आणि न्यूट्रल जमिनीला एकाच जागी बांधा.
दोन जागी बांधलात
तर परतीचा प्रवाह कुठल्या वाटेने घरी जाईल, भरवसा नाही.
नळातून जाईल,
खाटेच्या लोखंडातून जाईल.

डिझेल कुणाचं?
वरची इमारत उद्या विकली तर?
डॉक्टर हॉलोरन खिडकीबाहेर बघत राहिले.
शेजारधर्माला कलम नसतं,
आर्विड म्हणाले, म्हणून कागद लागतो.

मग नकाशाच्या कोपऱ्यातली ती यादी:
भार पेलेनासा झाला तर काय आधी सोडायचं.
एक, उतारावरचा बर्फ वितळवणाऱ्या तारा.
दोन, कॉफीचं यंत्र.
तीन, शेजारची इमारत, संपूर्ण.
चार, स्वागतकक्षातलं मत्स्यालय.

कुणी काही बोललं नाही.
मला वाटतं, ती यादी करणाऱ्यालाही
तोवर ती अशी वाचता आली नव्हती.

रेनेल नर्सने आम्हाला खाली नेलं.
रिकाम्या मशीनच्या बाजूचा छोटा दांडा दाखवला.
वीज गेली आणि बॅटरीही दमली
की रक्त माणसात परत न्यायचं ते याने, हाताने.
अकरा खुर्च्या, तीन नर्सा.
फेब्रुवारीतलं विचारायचं तर माझ्या खांद्याला विचारा, म्हणाली.

आर्विडनी कोट काढला. दांडा धरला. फिरवू लागले.
सहाव्या खुर्चीतून ओनी कांगास ओरडले,
हळू रे, रक्त आहे ते,
लोणी काढतोस काय!
ते हळू झाले.
घड्याळाकडे बघत मी दहापर्यंत मोजलं, मनात.
दहा हा एवढा लांब आकडा आहे
हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

सही त्या दिवशी झाली नाही.
यादीसमोर त्यांनी पेन्सिलीने एवढंच लिहिलं:
मासे कुणाचे?

मे महिन्यात चर खणला. दगड लागला, 
दोन दिवस वाया गेले, बिल वाढलं,
मार्सेलाबाई आणि डॉक्टर त्यावरून भांडलेही.
कागद चारदा बदलला. पाट्या लागल्या.
जूनच्या एका मंगळवारी, सकाळी सहाला,
रुग्ण यायच्या आत, मुख्य स्विच पाडला.

अंधार.
चढावर वर कुठेतरी हंबरणं सुरू झालं.
चार. पाच. सहा.
सातव्याला दिवे आले.

वरती मत्स्यालय काळंच राहिलं.
मासे काही बोलले नाहीत.
आणि रेनेल, लख्ख उजेडात,
अजून दांड्यावर हात ठेवून उभी.