सहा पाकळ्यांचा स्क्रू

नोवी सादमध्ये, चौऱ्याऐंशी साली,
आमच्या स्वयंपाकाच्या टेबलावर एक संगणक जन्मला.
आराखडा मासिकात छापून आला होता,
सुटे भाग कुणीतरी ऑस्ट्रियाहून
पायमोज्यांत दडवून आणलेले.
बाबा डाग देत बसायचे, मी कथलाची तार धरायची,
वय वर्षं नऊ.
राळेचा धूर केसांत, केसांतून उशीत.
तीन महिने पडदा कोरा.
चौथ्या महिन्यात एक अक्षर उमटलं, तेही भलतंच.
बाबा हसले. म्हणाले,
"ल्युबिंका, चूक आपली आहे. म्हणजे सापडेल."

रेडिओवर तेव्हा प्रोग्राम लागायचे,
चिरके, खरखरीत, शेजारी भिंत बडवायचे,
आणि आम्ही तो कलकलाट कॅसेटवर धरायचो,
लोक गाणी धरतात तसा.

आता वुकाशिनचा हा काळा डबा.
अठरा हप्त्यांचा. अजून सात बाकी.
टीव्हीला वायर लावली की दोन मिनिटांत खेळ सुरू,
ना धूर, ना भलतं अक्षर.
हे मी नाकारत नाही.
"ओग्न्येनच्या पीसीवर बघ," तो म्हणतो,
"भिंतीपलीकडचं दिसणारे लबाड घुसतात.
इथे कुणी घुसत नाही."
खरं आहे. पण मीही घुसू शकत नाही,
आणि हप्ते माझे आहेत.

महिनाभर पंखा दम लागल्यासारखा वाजतोय.
पाठीमागे स्टिकर: फाडलात तर हमी संपली.
स्टिकरखाली स्क्रू, सहा पाकळ्यांचा,
मधोमध एक बारीक खुंटी,
घरातला एकही पाना आत जाऊ नये म्हणून
मुद्दाम उभी केलेली.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
मूठ माझी असती तर मीही म्हटलं असतं.

रात्री एक वाजता
मी पेनचं टोक लायटरवर धरलं,
मऊ झालं तसं स्क्रूवर दाबलं,
निवेपर्यंत शंभर मोजले.
फिरवलं.
फिरला!

आत धूळ होती.
एवढंच. राखाडी, लोकरीसारखी, आमच्याच घरातली.
दाढीच्या ब्रशने झाडली.
खरं कुलूप स्क्रूत नव्हतंच,
ते कुठल्या तरी चौकोनी चिपमध्ये होतं,
तिथे पेन वितळवून काय होणार.

दारात वुकाशिन उभा. रागावला नव्हता.
"आई, मग आता माझा खेळ यात चालेल?"
शाळेत त्याने केलाय एक,
डॅन्यूब ओलांडणाऱ्या नावेचा.
डब्याला तो ओळखीचा वाटत नाही.
परवाना, नोंदणी, कंपनीचा शिक्का:
तेराव्या वर्षी हे कुठून आणायचं?
मी म्हटलं, नाही रे.
मग वाटलं, "नाही" हा शब्द
बाबांनी त्या टेबलावर
एकदाही उच्चारला नव्हता.
कदाचित उच्चारला असेल. मी नऊ वर्षांची होते.

बिजागरी मोडलेला लॅपटॉप आम्ही
पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला.
पडद्यावर पेत्रोवारादिनचा किल्ला, त्यावर घड्याळ,
लांब काटा तासांचा, आखूड मिनिटांचा,
खऱ्यासारखाच.
"उलटं का, माहीत आहे?" मी विचारलं.
"नावाड्यांना लांबून दिसावं म्हणून," तो म्हणाला,
जणू घड्याळ दुसऱ्या कशासाठी असतच नाही.

नाव निघाली. मधोमध आली.
काठाला लागता लागता अडकली, थरथरत राहिली.
"थांब, माझंच काहीतरी चुकलंय."
त्याने कोड उघडला.
मी चष्मा शोधायला गेले.
बाजूला काळा डबा,
पंखा एकदम शांत.