पीळ

फेब्रुवारीत मालक म्हणाला, उत्तरेची रांग काढून टाक.
अर्धा मैल झाडं. कॅन्ससच्या या कोपऱ्यात
काटेरी तार यायच्या आधी लावलेली,
डुकराने घुसू नये, बैलाने रेटू नये,
घोड्याने ओलांडू नये म्हणून.
आता चोवीस ओळींचं पेरणीयंत्र तिथे वळत नाही.
मी बुलडोझरवाला. मला तासावर पैसे.

मुळं निघतात ती भडक नारिंगी,
जमिनीखाली कुणी वायरिंग करून ठेवल्यासारखी.
ढीग पेटवला की लाकूड फटाफट ठिणग्या उडवतं,
लांब उभं राहावं लागतं.

तिसऱ्या दिवशी बांधावर जुना पिकअप.
एल्डन लाबादी. पॉहस्काहून आलो म्हणाला, दोन तास लागले.
माझ्याशी आणखी काही बोलला नाही.
एकेका खोडावरून तळवा फिरवत गेला,
सालीच्या रेघा सरळ चढतात की वळतात, बघत.
मग एकापाशी थांबला.
"हे जाळू नकोस."

मी इंजिन बंद केलं. का, ते आजही सांगता येणार नाही.

करवत अर्ध्यात किंचाळली. आत तार होती,
कुणा आजोबाने ठोकलेली, झाडाने गिळलेली,
भोवती शाईसारखा निळा डाग.
साखळीचे दात गेले. त्याने दुसरी साखळी काढली,
हे होणारच होतं अशा चेहऱ्याने.
भुसा हळदीहून पिवळा. माझी ती जीन्स
अजून धुतली तरी पाणी पिवळं येतं.

ओंडक्याच्या तोंडाशी पहिली पाचर, मग घण.
ओकसारखं हे एका दणक्यात मोकळं होत नाही.
चीर पुढे सरकते, थांबते,
आत दोरखंड तुटत असल्याचा आवाज येतो,
आणि उघडल्यावरही दोन्ही बाजू
तंतूंनी एकमेकींना धरून असतात.
ते तो कुऱ्हाडीने एकेक तोडत होता.

"आमचं नाव झाडाला," तो म्हणाला,
"झाड तुमच्या कुंपणाला,
आणि आम्ही रेषेच्या दक्षिणेला."
बोलताना माझ्याकडे बघत नव्हता,
गवतात पडलेली पाचर शोधत होता.
मी ती उचलून दिली. दुसरं काय देणार.

चार फाळक्या निघाल्या. तिघींना पीळ,
स्क्रूसारख्या फिरत गेलेल्या.
मला वाटलं, श्रम वाया. तो हसला.
"खांबाला सरळ लागतं. खांब म्हणतो,
मोडेन पण वाकणार नाही.
धनुष्याचं उलटं असतं, पोरा."

टोकांना डिंक फासला, ओल हळू जावी म्हणून,
नाहीतर लाकूड घाईने सुकतं आणि स्वतःच तडकतं.
पेन्सिलीने तारीख लिहिली, चार वर्षं पुढची.
पिळाच्या तिन्ही त्याने नेल्या.
सरळ होती ती मला ठेवली.
"तुला शिकायला सोपी."

रांग गेली. तिथे आता सोयाबीन, पट्टीने आखल्यासारखं,
आणि मार्चच्या वाऱ्यात माती
माझ्या खिडकीच्या कडेला येऊन बसते.

फाळकी गॅरेजमध्ये, वॉटर हीटरच्या मागे उभी होती.
पिवळीची तांबूस झाली. तारीख उलटूनही वर्ष गेलं.
नंबर लिहिलेला होता, पण शेवटचे दोन आकडे
एका बारीक तडकेत गेलेत.

परवा काढली. दोन मुठींची सुरी, दोन्ही हातांनी ओढायची.
साल गेली, पांढरं लाकूड गेलं, पिवळं लागलं.
धनुष्याच्या पाठीवर एकच वर्ष असावं लागतं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न कापलेलं.
एल्डनने हे तीनदा सांगितलं होतं.
मी गाठीपाशी घाई केली.
सुरी खसकन वर्षाच्या आरपार गेली.

बराच वेळ बसलो. कॉफी गार.
मग ते अख्खं वर्ष सोलून काढायला घेतलं,
त्याच्या खालचं, एकाने जुनं, लागेपर्यंत.
ते जरा जाड आहे. त्या साली
इथे पाऊस बरा झाला असावा.