कारण लिहा

महिन्याच्या पहिल्या सोमवारी यादी येते.
वेल्सच्या किनाऱ्यावर आमचं इस्पितळ,
त्याच्या तळघरात, बॉयलरशेजारी, मी औषधांचा हिशेब बघते.
गेल्या महिन्यात यंत्रानं डॉक्टरांना
चार हजार एकशे बारा वेळा हटकलं.
चार हजार सत्तर वेळा त्यांनी ते बाजूला सारलं,
आणि ‘कारण लिहा’च्या चौकटीत
बहुतेकांनी लिहिलंय
एक टिंब.

चौकट रिकामी ठेवलेली चालत नाही. टिंब चालतं.

मी काही यंत्राची वकील नाही.
एक्याऐंशी वर्षांच्या ग्विलिम प्रॉसरांबद्दल, दाढीसकट,
त्यानं विचारलंय: रुग्ण गरोदर आहे का?
काल बंद केलेल्या पॅरासिटामॉलचं
आजच्या पॅरासिटामॉलशी भांडण लावलंय,
सलाइनला सलाइनपासून जपायला सांगितलंय.
इतकं कानीकपाळी ओरडलं की
कान आधी जातात. कपाळ तेवढं उरतं.

त्या रात्री एलुनेडनं
(यादीत वेळ असते, चेहरा नसतो)
दोन ते चारमध्ये एकसष्ट पिवळ्या चौकटी मिटल्या.
बासष्टावी पुन्हा ग्विलिमची:
रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी,
छातीतल्या कफावर नवं अँटिबायोटिक.
तोच पिवळा. तेवढीच अक्षरं.
बोट सवयीनं गेलं.

चौथ्या दिवशी उशीवर रक्त,
मांड्यांवर पिकल्या ब्लॅकबेरीसारखे डाग.

वाचले.
मी भेटायला गेले तर म्हणाले,
“कुत्र्याला दिवसभर शिट्टी मारलीत
तर तो कुंपणापाशी झोपून जातो.
मेंढरं गेली दरीत, तरी झोपतो.
पोरीला रागावू नका.”
मग पाणी मागितलं, आणि खिडकी उघडायला सांगितली.
ती खिडकी उघडत नाही.

खाली येऊन मी ते टिंब शोधलं.
दोनशे टक्के मोठं करून पाहिलं, मग चारशे.
गोल. वरच्यासारखंच, खालच्यासारखंच.

आता फालतू इशारे बंद करायचा अर्ज भरतेय.
गरोदर म्हातारे, पहिला क्रमांक.
अर्जातही शेवटी चौकट आहे: कारण लिहा.
करंगळी टिंबावर जाऊन थांबते.
बॉयलर घुरघुरतो.
मी लिहिते: ग्विलिम प्रॉसर, मेंढपाळ.
कुत्र्याचं नाव विचारायचं राहिलं,
विचारून येते.