मागच्या फळीवर अठ्ठेचाळीस किलो

एक गाडी म्हणजे चार महिने.
हे सुकुमारला दर दिवाळीनंतर नव्यानं पटवावं लागतं,
मिरजेत, त्याच्या लेथच्या दुकानाच्या माळ्यावर.
खाली पट्टा फिरत असला
की वर गेमचं स्टिअरिंग आपोआप थरथरतं.

आकार काढायला एक महिना,
सस्पेन्शन जुळवायला दीड,
आणि उरलेले,
चाकं डांबरात का रुततात ते शोधण्यात.
म्हणून यादी. म्हणून भांडण.

सुकुमारला हवी होती ती लाल, इटालियन,
जमिनीला पोट लावून बसलेली.
"लोक तीच मागतात रे."
मागतात. म्हणून तर ती अकरा जणांनी केलीय,
एकानं सीटच्या शिलाईचे टाकेसुद्धा मोजून.
बाराव्यांदा आपण काय, तिचा आरसा पुसायचा?

मग त्यानं कॉन्टेसा काढली.
तिच्यावर आम्ही दोघंही जरा थांबलो.
गणपती पेठेत एका अडत्याच्या दारात होती, पांढरी,
तिच्या डिकीवर टेकून आम्ही उसाचा रस प्यायचो.
तिथं आता चार्जिंगला लावलेली स्कूटर असते.
मापं घ्यायची कुणाची?

मी म्हणालो, ट्रॅक्स.
तो हसला.
खाली जाऊन दोन बुश कापून आला,
तरी हसतच होता.

दाऊद मुलाणींची ट्रॅक्स
तानंग फाट्याला चिंचेखाली उभी आहे,
मागच्या बाकावर कोंबडी अंड्यावर बसलेली.
मी शिंप्याचा टेप नेला होता,
लोखंडी टेप बॉनेटच्या पोचांत बसत नाही.
"इकत घेणार हायसा?"
न्हाई, नुसती मापं.
"मग कापडं शिवतायसा व्हय तिला?"

बॅटरी मेलेली. आवाज कुठून घ्यायचा?
मुलाणींनी तोंडानं काढून दाखवला,
दुसऱ्या गिअरमधून तिसरा, मधली खाकर सुद्धा.
मी रेकॉर्ड केला. ठेवलाय.

स्टिअरिंगला खेळ चार बोटं.
चार बोटं फिरवलं तरी चाकांना निरोप पोचत नाही,
पाचव्याला सगळं एकदम कळतं.
ते आकड्यात लिहिलं
तर सिम्युलेटरनं दोनदा परत केलं, चूक म्हणून.

आणि वजन.
गेममध्ये गाडीत एकटा माणूस असतो.
ट्रॅक्समध्ये एकटा माणूस
कधी कुणी पाहिलाय?
मुलाणी म्हणाले, कागदावर नऊ,
कवठ्याच्या बाजारादिवशी बावीस.

मग मी रात्रभर माणसं बसवली.
प्रत्येकाला तीन आकडे : किती मागं, किती बाजूला, किती उंच.
ड्रायव्हरच्या उजवीकडं, अर्धा दाराबाहेर,
पासष्ट किलो.
टपावर बेदाण्याचे सहा खोके.
मांडीवरचं पोर वेगळं धरायचं का आईत?
आईत धरलं.
आणि अगदी मागं, फळीवर, शिडीला एक हात,
अठ्ठेचाळीस.

सुकुमारनं पडद्यावर बोट ठेवलं. "हा कोण?"

अकरावीत सातची एसटी भोशाला भरूनच यायची.
पाठीवर दप्तर, दप्तरात डबा,
दंडोबाच्या पायथ्याचं ते डावं वळण आलं
की फळी माझ्या पायांखालून
उजवीकडं पळायला बघायची.
मुलाणी आरशात बघून ओरडायचे, "हाय का रे?"
मी ओरडायचो, "हाय!"

लिस्बनच्या एका पोरानं चाचणी घेऊन कळवलं :
गाडी चांगली आहे,
पण डाव्या वळणावर मागून कुणीतरी ओढतंय.
तो आकडा काढा.

सुकुमार खुर्चीत बसला. वळण घेतलं.
पुन्हा घेतलं.
तिसऱ्या वेळी त्यानं नकळत
अंग डावीकडं झोकलं, बाहेर लटकल्यासारखं,
आणि काहीच बोलला नाही.

आज मी एकाहत्तर भरतो.
फाईलमध्ये बदललेलं नाही.

खाली कुणीतरी शाफ्ट घेऊन आलं होतं.
जिना उतरता उतरता तो म्हणाला,
"पुढच्या साली मात्र लाल."
बघू, म्हणालो.