नमुना एकशे त्रेचाळीस

आडगावच्या कॉलेजात, तळमजल्यावर,
जिथे फॉर्मॅलिनचा वास डब्यातल्या पोळीलाही लागतो,
मी दोनशे माणसांच्या दोन हजार बोटांना शाई लावली.

विषय पिंगळे मॅडमचा, राबणूक माझी:
बोटांच्या ठशांचा रक्तगटाशी काही संबंध आहे का.

बोट हातात घ्यायचं
आणि नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवायचं,
झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसं.
माणसं बोट सैल सोडतच नाहीत.
सगळ्यांना मदत करायची असते, म्हणून ठसा फिसकटतो.

मग भिंगाखाली
कमान, शंख, चक्र.
दहा चक्रं असली की राजा होतो म्हणतात.
मला असा एकच सापडला, द्वारका सर्कलला रिक्षा लावतो,
बी पॉझिटिव्ह,
दहा चक्रं, तीन चाकं आणि चार हप्ते थकलेले.

दिंडोरीची एक बाई, द्राक्षाची विरळणी करून करून
बोटांना कात्रीचे घट्टे,
म्हणाली, रेशनचं मशीन मला ओळखत नाही,
तुमचा कागद तरी ओळखतोय का बघा.
नोटांच्या छापखान्यातले एक काका,
अंगठा बाटलीच्या काचेसारखा गुळगुळीत.
इतके पैसे मोजले, म्हणाले, त्यातला एकही आपला नाही.

मार्गशीर्षात तांबट आळीतून बाप-लेक आले.
रमाकांत आणि तेजस.
पोराला लायसन्ससाठी गट हवा होता, इथे फुकट कळतो.
दोघांचा डावा अंगठा एकाच बाजूने चपटा,
पत्रा धरायचा अंगठा,
नखाला एकाच जागी चीर.
रेषा अशा ठेचलेल्या की शंख की चक्र, ठरेना.
दोन्ही कागद शेजारी ठेवले
तर कुठला कुणाचा, ते मला नाव वाचून कळलं.

मग काचपट्टी. सुई. थेंब.
निळ्या औषधात बापाचं रक्त फुटलं,
पिवळ्यातही फुटलं, रवाळ, नासलेल्या दुधासारखं.
पोराचं दोन्हीकडे तसंच राहिलं,
सपाट, लाल, गप्प.

बारावीच्या पुस्तकात आहे:
एबीच्या घरी ओ जन्मत नाही.
लाखात एखादा अपवाद, असं मॅडम म्हणतात.
मी बाटलीवरची तारीख पाहिली.
नवी काचपट्टी घेतली. पुन्हा सुई.
तेजस हसला, म्हणाला, रक्त कमी पडलं का, ताई?
पंखा तेवढा फिरत होता.

बापाने माझ्याकडे पाहिलं.
तांब्याचा पत्रा तापून ज्या रंगाला येतो
आणि हातोडा आत्ता मारायचा की थांबायचं हे कळतं,
तसं पाहिलं.
म्हणाला, त्याचं कार्ड त्याला द्या.
माझं राहू द्या.
मला कुठे गाडी चालवायची आहे?

मी एक कार्ड लिहिलं.
तेजस रमाकांत तांबट, ओ पॉझिटिव्ह.
मधल्या नावाशी पेन जरासं अडखळलं,
की शाईच संपत आली होती.

जाताना पोराने बापाची पिशवी घेतली.
बाप म्हणाला, जड नाही रे.
पोराने दिली नाही.

आमच्या तक्त्यात वय आहे, लिंग आहे, गाव आहे,
दहा बोटांचे दहा रकाने आहेत.
नात्याचा रकाना नाही. कुणी मागितलाच नव्हता.
एकशे त्रेचाळीस आणि एकशे चव्वेचाळीस यांच्यामध्ये
एक आडवी रेघ आहे, सगळ्यांमध्ये असते तीच.

निष्कर्ष मार्चमध्ये लिहिला.
ठशाचा आकार आणि रक्तगट
यांत ठळक संबंध आढळला नाही.
मॅडमनी 'या नमुन्यापुरता' असे दोन शब्द घातले
आणि सही केली.

माझ्या बोटांची शाई त्या संध्याकाळी जाईना.
साबण झाला, लिंबू झालं.
शेवटी चिंच भिजवली आणि घासत बसले,
तांब्याचं भांडं घासतात तशी.