साखळीला उरलेली लांबी

तिसऱ्यांदा आली मारयुन चोळीचं माप द्यायला
आणि दारातूनच म्हणाली,
"काही उपयोग नाही. ब्याऐंशी किलो. तेव्हाही, आत्ताही."

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यात ती काट्यावरच असते,
सकाळी सहापासून कॉड, हॅडक, पेटीमागून पेटी.
माझ्या आईचा जेवढा पाद्रीबुवांवर
तेवढा तिचा काट्यावर विश्वास.
मी म्हटलं, बूट काढ. स्वेटर काढ. हात वर.

ऑक्टोबरात गारा वाजत होत्या खाडीवर
तेव्हा पहिल्यांदा बसली ती वल्ह्याला.
सहा बायका, सुकाणूवर सातवी.
सगळ्यांच्या तळहातांना फोड,
बिर्तानं तर दुसऱ्याच आठवड्यात
कंबर धरली म्हणून सुट्टी घेतली
आणि त्याच संध्याकाळी नाचताना दिसली.
मारयुन राहिली. कशासाठी, मी विचारलं नाही.
नवरा सहा सहा आठवडे बोटीवर,
घर गप्प, फ्रीज भरलेला.

डिसेंबरात काट्यावर उभी राहून रडली.
मार्चात तो काटा उचलून गोठ्यात नेऊन ठेवला,
आता कोकरं चढतात त्याच्यावर.
तरी कारखान्यात, सगळे जेवायला गेले की,
पेटीच्या जागी ती स्वतः.
ब्याऐंशी.

माझ्या फितीचे पहिले चाळीस आकडे पुसलेत,
ते मला तोंडपाठ आहेत.
कंबर : नऊ सेंटिमीटर कमी.
खांदे : चार जास्त.
दंडाशी फीत घसरायची, आता अडते.
पाठीच्या मधोमध एक पन्हळ आलीय,
पाऊस पडला तर थेट खाली वाहील अशी.

"तुझ्या मापात पाप आहे," ती म्हणाली.
पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

मग मी टोपलीतून पिंजलेली लोकर काढली,
तिच्या कुशीत मावेना एवढी.
आणि तेवढीच, कातलेली,
ठेवली तिच्या मुठीत.
जा, म्हटलं, कारखान्यात नेऊन दोन्ही तोलून बघ.

ती बराच वेळ मूठ उघडमीट करत राहिली.

जुनी शिवण मी दातांनी उसवली,
कात्री शेजारीच होती, पण सवय.
कापडावर टाक्यांची भोकं राहिली, रांगेनं.
ती इस्त्रीनं जात नाहीत.
चोळी चढवली, चांदीची साखळी
एका कडीतून दुसऱ्या कडीत ओवत गेले.
गेल्या ओलावसोकाला ही साखळी
शेवटच्या कडीपर्यंत पोचेना,
आम्ही दोघींनी ओढली, तिनं श्वास कोंडला,
शेवटी दोऱ्यानं बांधून वर शाल घेतली होती.
आज ती पोचली,
आणि पुढे वीतभर उरली.

"कापून देऊ का उरलेली?"
ती खाली बघत होती.
बोटभर फट होती कापडात आणि तिच्यात,
तिथे तिनं बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं.
"नको," म्हणाली. "लोंबू दे."

जाताना घाईत जुना कोट घातला,
डाव्या खांद्यावर टर्रकन उसवला.
आम्ही दोघी इतक्या हसलो
की खालच्या दुकानातून तोरा वर बघायला आली.

आता फीत गुंडाळतेय.
तिला हॅडकचा वास लागलाय, आणि मिठाचा.
आज नाही धुवत.
उद्या दहाला बिर्ता यायची आहे,
कंबर बरी झाली म्हणे.